हयात माणसाचा फोटो

समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरायची आणि हलकेच उजेडाकडे वळवायची, ही आमच्या गावच्या फोटोवाल्यांची सवय. दुकानात गिऱ्हाइकाच्या बाबतीत हे ठीक आहे, पण ते भररस्त्यातही करत. एकदा मी दहीपुलावर भाजीची पिशवी घेऊन उभा असताना त्यांनी माझी हनुवटी धरली, मान डावीकडे वळवली आणि म्हणाले, "चेहरा सोडा हो मास्तर. कुणी पळवून नेत नाही." नेमके समोरून आमचे हेडमास्तर येत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेत बाजूला घेऊन विचारलं, "दाढ दुखते आहे का?"

तुम्ही एकोणीसशे तीसनंतरची पाच-सात वर्षं नाशकात काढली असतील, तर तुमचीही हनुवटी त्या बोटांतून गेली असणार. बोटांची टोकं फोटो धुवायच्या औषधांनी तपकिरी झालेली. अंगात काळा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि कॅमेऱ्यामागच्या कापडात डोकं घालून घालून पाठीला आलेला बाक. वडील शिंपी होते. ते काळं कापड वडिलांनीच शिवून दिलेलं. "वडिलांनी शिवलेला हा एकच कपडा मला कधी आखूड झाला नाही," असं ते म्हणत.

नाव सांगत नाही. दुकानाच्या पाटीवर ते होतं, पण ती वाचायची वेळ कुणावर आली नाही. सगळं गाव त्यांना 'फोटोवाले' म्हणे. मेन रोडला एका माडीवर त्यांचं दुकान होतं. उत्तरेकडचं छप्पर काचेचं, मागं रंगवलेला पडदा. पडद्यावर बंगला, बंगल्यापुढं तळं आणि तळ्यात एक हंस. त्या हंसापुढं उभं राहिल्याशिवाय नाशकात लग्न झाल्यासारखं वाटत नसे. माझ्याही लग्नाच्या फोटोत तो आहे. आम्हा दोघांपेक्षा तोच जास्त खुशीत दिसतो.

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो आणि गावातल्या कलामंडळाचा चिटणीस. चिटणीस कसा झालो ते सोपं आहे. ज्या सभेला मी गेलो नाही, त्या सभेत माझी निवड झाली. पुढं अकरा वर्षं मी प्रत्येक सभेला गेलो, पण सुटका झाली नाही. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत शाळेच्या हॉलमध्ये आठ दिवस मंडळाचं प्रदर्शन भरे. खिळे ठोकायचे, सुतळ्या बांधायच्या, कुणाचं चित्र कुणाच्या चित्राशेजारी नको ते लक्षात ठेवायचं, आणि शेवटी सगळ्यांचे रुसवे काढायचे, ही माझी कलासेवा. अध्यक्ष एक वृद्ध वकीलसाहेब होते. सभासदांत एक डॉक्टर, दोन मास्तर, एक कारकून, एक हौशी इनामदार. सगळे घाट रंगवत. एका वर्षी सतरा चित्रांपैकी अकरा घाटाची होती आणि तीही एकाच जागेवरून काढलेली, कारण सावली तिथंच होती.

मंडळाचा एक नियम होता. हॉलच्या भिंती चित्रांसाठी. भरतकाम, लाकडी खेळणी, साबणावरची कोरीव कामं आणि फोटो यांची सोय बाहेर व्हरांड्यात, बाकांवर. फोटो यंत्रानं निघतो, त्यात हाताचं काय काम, असं अध्यक्षांचं म्हणणं. मला ते पटत नसे, पण मी वादही घातला नाही. चिटणिसानं वाद घालायचा म्हटला तर खिळे कुणी ठोकायचे?

फोटोवाले दर वर्षी एक फ्रेम आणत. धुतलेल्या पंच्यात गुंडाळून, छातीशी धरून. मंडळाचा छापील अर्ज भरत. त्यात 'साधन' असा एक रकाना होता. बाकीचे तिथं जलरंग, तैलरंग, पेन्सिल असं लिहीत. ते लिहीत, 'उजेड'. अध्यक्षांनी पहिल्यांदा तो अर्ज वाचला तेव्हा मला विचारलं, "हा गृहस्थ आपली चेष्टा करतो आहे काय?" तो गृहस्थ चेष्टा करत नव्हता. त्याला जे वाटत होतं तेच त्यानं लिहिलं होतं.

मग आमचं दर वर्षीचं संभाषण होई.

"मास्तर, यंदा भिंत?"

"यंदा नाही जमत हो."

"बरं. व्हरांडा तर व्हरांडा."

एवढंच. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. एका वर्षी व्हरांड्यात शेळी शिरली आणि इनामदारांच्या सुनेनं पाठवलेला भरतकामाचा रुमाल अर्धा खाऊन गेली. शेजारीच ठेवलेल्या फोटोला तिनं तोंडही लावलं नाही. फोटोवाले म्हणाले, "बघा, शेळीचंही मत अध्यक्षांसारखंच पडलं."

त्यांचं पोट कशावर चालत होतं ते आता सांगायला हवं. लग्नं वर्षातून चार महिने. बाकीचे आठ महिने ते मेलेल्या माणसांचे फोटो काढत. आपल्याकडं म्हातारं माणूस हयात आहे तोवर त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचत नाही. सुचलं तर म्हाताराच म्हणतो, "का? मला काय झालंय?" मग तो गेला की घाईघाईनं निरोप येई, "लवकर चला, न्यायची वेळ होत आली." फोटोवाले तिपाई खांद्यावर टाकून निघत. घरच्यांनी प्रेताला भिंतीला टेकवून बसवलेलं असे, डोक्यावर पगडी, अंगावर शाल. ते फोटो काढत. मग दुकानात बसून निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिलीनं पांढरं भरायचं, कागदावर कुंचल्यानं काळं, आणि मिटलेले डोळे उघडायचे. या कामात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. घरची माणसं फोटो बघून रडत आणि म्हणत, "अगदी आत्ता बोलतील असं वाटतं."

"त्यांना वाटतं," फोटोवाले मला म्हणाले होते. "मला नाही वाटत. मास्तर, या गावच्या भिंतींवर माझी शंभर-दोनशे माणसं टांगलेली आहेत. एकाचेही डोळे मी पाहिलेले नाहीत."

मग ते म्हणाले, "एक तरी हयात माणूस भिंतीवर बघायचा आहे. डोळे त्याचे स्वतःचे असलेला. चार लोकांनी थांबून बघावा. मग मी हा धंदा करायला मोकळा."

मागणी साधी होती, पण पार पडणं कठीण. मंडळाचा नियम एकीकडे, आणि दुसरीकडे गावातली हयात माणसं. ज्याला विचारावं तो भडके. "भिंतीवर टांगायला मी मेलोय काय?" भिंतीवर मोठा फोटो म्हणजे माणूस गेला, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यांनी मलाही विचारलं होतं. मी घरी विषय काढला तर बायको म्हणाली, "काहीतरी भलतंच!" आणि मी त्यांना सांगितलं की मला वेळ नाही.

शेवटी त्यांना ठकूबाई मिळाली. नदीकाठच्या बाजारात ती मेथी-कोथिंबीर घेऊन बसे. मूळची चांदवडकडच्या एका खेड्यातली. मुलाशी कडाक्याचं भांडण करून सहा वर्षांपूर्वी नाशकात आली आणि एकटीच राहिली होती. साठीची असेल. तोंड एवढं फटकळ की गिऱ्हाइकं भाव करायच्या आधी इकडंतिकडं बघून घेत. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी तिची पक्की समजूत. "माझं हाय तेवढं मला पुरं नाय, त्यातलं तुमाला कुठून देऊ?" असं तिनं त्यांना ऐकवलं.

फोटोवाल्यांनी मग वाद केला नाही. ते रोज सकाळी तिच्या पाटीसमोर तिपाई मांडून बसू लागले. कॅमेऱ्यात काच नसे, काही नसे. बाजार हसायचा. ठकूबाईनं चार दिवस शिव्या दिल्या, पाचव्या दिवशी त्यांना चहा पाजला, आणि आठवड्याभरात तिला त्या तिपाईची अशी सवय झाली की एक दिवस ते उशिरा आले तर तिनं विचारलं, "कुठं मेलता?" त्या दिवशी कॅमेऱ्यात काच होती. एक बाई कोथिंबिरीची जुडी उचलून, नाक मुरडून, परत ठेवत होती आणि ठकूबाईनं तिच्याकडं मान वर करून पाहिलं. तेवढंच त्यांनी धरलं. नंतर तिला सांगितलंही. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी "दाखवा तरी काय केलंय," म्हणाली. फोटो बघून तिनं एवढंच म्हटलं, "ती जुडी तिनं घेतली नाय शेवटी."

तो फोटो मी पाहिला तेव्हा काय सांगू? कपाळावरच्या आठ्या, कानाजवळचं गोंदण, उघडं पडत आलेलं तोंड. बाई बोलायच्या बेतात आहे आणि आपल्यालाच काहीतरी ऐकावं लागणार आहे, असं वाटून मी मागं सरकलो होतो. फोटोवाले माझ्याकडं बघत होते. त्यांनी भिंतीचं विचारलंही नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी जुळून आल्या. अध्यक्ष एका दाव्यासाठी मुंबईला गेले होते आणि पाचव्या दिवसापर्यंत येणार नव्हते. आणि डॉक्टरांनी ऐन वेळी निरोप पाठवला की घाटाचा रंग वाळला नाही, चित्र देत नाही. दोन घाटांच्या मधोमध भिंत रिकामी राहिली. मी खिळा ठोकला आणि ठकूबाईला टांगलं. अकरा वर्षांत स्वतःच्या मनानं केलेलं ते माझं एकमेव काम.

फोटोवाले आले, बघत राहिले, मग प्यायला पाणी मागितलं. फ्रेम एका बाजूला सूतभर खाली होती, ती त्यांनी बोटानं वर केली. खाली मी चिठ्ठी लावली होती, 'ठकूबाई, भाजीवाली. साधन: उजेड.' ती त्यांनी दोनदा वाचली. "मास्तर, आज मला कुणी बोलावू नका म्हणजे झालं," ते म्हणाले. कुणा मयताच्या घरी जायला लागू नये, असं त्यांना म्हणायचं होतं.

दुपारी दारं उघडली. पहिलं कुटुंब आलं. घाट बघत बघत ठकूबाईपाशी पोचलं, थांबलं, आणि चौघांनी चपला काढून हात जोडले.

फोटोवाले पुढं झाले. "अहो, ह्या हयात आहेत."

"कधी गेल्या?"

"गेल्या नाहीत. खाली बाजारात बसल्या आहेत."

"अरेरे," गृहस्थ म्हणाले. "दिसतात तर किती ठणठणीत."

संध्याकाळपर्यंत फ्रेमवर तीन हार पडले. शाळेच्या शिपायानं खाली उदबत्ती लावली. त्याला रागावलो तर म्हणाला, "घाटांना नाही लावली साहेब. पण मयत माणसाला तसंच कसं ठेवायचं?" फोटोवाले हार काढत आणि लोक घालत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात एक पाटी लिहून आणली, 'ही बाई हयात आहे. कृपा करून हार घालू नये.' लोक ती मोठ्यानं वाचत, हसत, आणि जाता जाता हात जोडत. जोडलेले बरे, असा हिशोब. चार दिवस तो माणूस हॉलमध्ये उभा होता. चार दिवसांत हात न जोडता त्या फोटोकडं बघणारं कुणी त्यांना भेटलं नाही.

चौथ्या दिवशी ते खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "डोळे उघडे ठेवूनही हे लोक तिला मेलेलीच बघतात. मग मी इतकी वर्षं मेलेल्यांचे डोळे उघडत बसलो ते कशासाठी?" मी म्हटलं, "दमलात तुम्ही. घरी जा." मीही दमलो होतो.

त्या चार दिवसांत चांदवडचे एक दुकानदार नाशकात कामासाठी आले होते. वेळ होता म्हणून प्रदर्शनात शिरले, आपल्याकडची ठकूबाई त्यांनी ओळखली, दोन फुलं वाहिली आणि परत जाऊन तिच्या मुलाला सांगितलं, "तुझी आई गेली रे. नाशकात मोठ्या हॉलात फोटो लावलाय, हार काय, उदबत्ती काय. लोकांनी फार केलं तिचं."

सहा वर्षं न आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी आला. आईला पाणी तरी द्यावं म्हणून थेट नदीवर गेला, डोकं भादरलं, आंघोळ केली, गुरुजी ठरवला. गुरुजींनी दर्भ, तीळ मांडले आणि एखादी तुळस तरी आण, म्हणून त्याला बाजारात पिटाळलं. ओल्या धोतरानं, चकचकीत डोक्यानं तो भाजीच्या पाट्यांमधून जात होता. पुढचं मला बाजारातल्या चौघांनी सांगितलं आणि चौघांनी सारखंच सांगितलं, म्हणून ते खरं असावं.

ठकूबाईनं त्याला आधी पाहिलं. "का रं? कोण मेलं?" तिनं विचारलं.

तो मटकन खाली बसला. शेजारच्या बायांनी पाणी दिलं. शेवटी तो कसाबसा म्हणाला, "तू."

ठकूबाई त्याच्या डोक्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मेले तवा आलास व्हय? जिती व्हते तवा कुठं व्हतास?" असं म्हणून तिनं त्याच्या टाळक्यावरून हात फिरवला आणि रडायला लागली. आख्खा बाजार आधी हसला आणि मग गप्प झाला म्हणतात.

गोष्ट इथंच संपती तर किती बरं झालं असतं. पण मुलाला घेऊन बायाबापड्या, चार रिकामटेकडे आणि तो गुरुजी, असा लोंढा हॉलवर आला. रडून झालं की माणसाला लाज आठवते, आणि लाज वाटली की राग येतो. "माझी माय जिती हाय अन् तुमी तिला हार घालता? अपशकुन करता? काढा तो फोटू, नायतर मी फोडीन!" तो ओरडत होता. ठकूबाई मागं उभी होती. सहा वर्षांनी आलेल्या मुलाच्या विरुद्ध पहिल्याच दिवशी तिनं काय बोलावं?

आणि त्याच वेळी अध्यक्ष मुंबईहून थेट स्टेशनवरून टांग्यानं आले. त्यांनी लोंढा पाहिला, भिंतीवरचा फोटो पाहिला, खालची 'उजेड' असलेली चिठ्ठी पाहिली. आवाज न चढवता मला म्हणाले, "चिटणीस, हे उतरवा."

फोटोवाले तेव्हा एका घरी बोलावणं आलं म्हणून गेले होते. ते असते तर काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. बहुतेक काहीच वेगळं झालं नसतं. पण निदान मला त्यांच्याकडं बघत ते करावं लागलं असतं. मी स्टूल आणलं, फ्रेम उतरवली आणि कपाटात उलटी ठेवली. एक शब्द बोललो नाही. अध्यक्षांना नाही, त्या मुलाला नाही.

सहावा दिवस बायकांसाठी राखलेला असे. फोटो उतरवल्याचा निरोप फोटोवाल्यांना पाठवायचं माझ्या मनात होतं, पण सकाळपासून कामं निघत गेली. खरं सांगायचं तर मी ती काढली. दुपारी फोटोवाले दारात उभे. बरोबर पत्नी, नेसून-सवरून, खांद्यावर शालजोडी. इतक्या वर्षांत ती बाई प्रदर्शनाला कधी आली नव्हती. व्हरांड्यातल्या बाकावर ठेवलेलं बघायला काय जायचं, असं ती म्हणत असे, हे मला नंतर कळलं.

ते तिला दोन घाटांच्या मधोमध घेऊन गेले. तिथं नुसता खिळा होता.

"इथं होता," ते म्हणाले.

तिनं त्या खिळ्याकडं बराच वेळ पाहिलं. इतकं की शेजारच्या दोघीतिघीही बघू लागल्या. मग ती नवऱ्याला म्हणाली, "भिंत चांगली आहे. उजेड बरोबर पडतोय."

मी पुढं होऊन काहीतरी सांगू लागलो, अध्यक्ष, लोक, अपशकुन. फोटोवाल्यांनी मला मध्येच थांबवलं. "बरं केलंत मास्तर. खिळा मात्र काढून घ्या. कुणाचं लुगडं अडकेल."

त्यानंतर त्यांनी अर्ज भरला नाही. पुढच्या वर्षी मी मुद्दाम माडी चढून गेलो, म्हटलं, "यंदा काही देता का? मी भांडतो अध्यक्षांशी." ते काचेवर पेन्सिल चालवत होते. कुणा मयत सावकाराचा डावा डोळा उघडून झाला होता. "आता नको," ते म्हणाले. "मी आपला यांच्यातच बरा. यांचा कुणाला अपशकुन होत नाही." मग मान वर न करता म्हणाले, "तुम्ही कशाला भांडता? तुमचा स्वभाव नाही तो." ते रागानं म्हणाले नव्हते. म्हणूनच ते शब्द अजून रुतून बसले आहेत.

फ्रेम त्यांनी ठकूबाईला देऊन टाकली होती. तिचा मुलगा आता महिन्या-दीड महिन्यानं येऊ लागला होता, ही बातमीही तिनंच त्यांना दिली. "तुमच्या फोटूपायी पोरगं आलं," ती म्हणाली, तर ते म्हणाले, "मग वाया नाही गेला." हळूहळू त्यांचे डोळे अधू झाले. पेन्सिलीचं काम होईना, दुकानाचं दार अर्धंच उघडं राहू लागलं. रस्त्यात भेटले तर हनुवटी धरत, पण जवळ येऊन बघावं लागे, की हा चेहरा कुणाचा. दोन वर्षांनी, थंडी सुरू व्हायच्या सुमारास, ते गेले.

मंडळानं दुखवट्याची सभा घेतली. अध्यक्ष चांगलं बोलले. ठराव झाला की यंदा हॉलची एक भिंत दिवंगत फोटोवाल्यांच्या कामासाठी द्यावी. कुणी हरकत घेतली नाही. मी तो ठराव लिहून घेतला, आणि लिहिताना टाक इतका दाबला की कागद फाटला. कशानं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आत्ता सांगतो, संतापानं. त्यातला निम्मा स्वतःवर होता.

घरोघर जाऊन मी फोटो मागून आणले. आजोबा, पणजोबा, सावकार, पुराणिक, कुणाची आई. काचांवर गंधाचे ठिपके, फ्रेमला सुकलेल्या हारांचे दोरे. सगळे डोळे त्यांनी उघडलेले. मग मी नदीकाठी गेलो आणि ठकूबाईजवळ तिचा फोटो मागितला. घरात तिनं तो टांगला नव्हता. "भिताडावर लावला तर आलेली नातवं हात जोडत्याल," म्हणून लुगड्यात गुंडाळून कणगीत, ज्वारीत ठेवला होता.

"तवा उतारला," ती म्हणाली. "आता कशाला पायजे?"

"ते गेले ना आता. त्यांच्या आठवणीसाठी."

तिनं मेथीवर पाणी मारलं. "म्हंजी माणूस गेल्याबिगर तुमची भित मोकळी व्हत नाय."

मी मान खाली घातली.

"मी आणीन," ती म्हणाली. "तुमच्या हाती नाय द्यायची."

उद्घाटनाच्या दिवशी ती सकाळीच आली. काखेत फ्रेम, दुसऱ्या हातात दुमडलेलं गोणपाट. मधल्या खिळ्यावर फोटो लावून घेतला, खाली गोणपाट अंथरलं आणि भिंतीला पाठ लावून बसली. उठायचं लक्षण दिसेना. मी म्हटलं, "मावशी, खुर्ची देतो." तर म्हणाली, "तुमी तुमचं काम करा."

लोक आले. पुढं अध्यक्ष, मागं रांग. भिंतीवर एका ओळीत सगळे दिवंगत. वकीलसाहेब एकेका फोटोपुढं थांबून हात जोडत येत होते, मागचेही तसंच करत होते. येता येता ते मधल्या फोटोपाशी पोचले आणि सवयीनं त्यांचे हात जुळले.

"मला नका जोडू सायेब," खालून आवाज आला. "मी हाय आजून."

वकीलसाहेबांचे हात तसेच हवेत राहिले. रांग थबकली. इतक्या वर्षांत मी त्यांना गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. "मग... काय करू?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

"बघा की," ठकूबाई म्हणाली. "बघायलाच ठिवलाय ना त्यो?"

त्यांनी हात सोडले. खिशातून चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला. फोटोकडं पाहिलं, खाली मान वर करून बसलेल्या बाईकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं. मग ते एक पाऊल पुढं गेले आणि फार वेळ तिथून हललेच नाहीत. मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. कुणीतरी म्हणालं, "ते गोंदण बघा, कानाजवळचं." आणखी कुणी म्हणालं, "आता ओरडणार बघा ही." त्या दिवशी त्या फोटोपुढं कुणी हात जोडले नाहीत. सगळे बघत होते.

मी दाराशी उभा होतो. मला फार वाईट वाटत होतं. सलग इतकी वर्षं ज्यांना मी 'यंदा नाही जमत' म्हणत आलो, त्यांना एकदा 'या, बघा' म्हणायचं होतं, आणि म्हणायला ते नव्हते.